थोरल्यांचा धर्म

गुरुवारी दुपारी दोन वाजता, पीठ मळायच्या खोलीत, आत्याने जाहीर केलं की आजपासून या घराला स्वतःचा धर्म आहे आणि निरीक्षक मॅडम चारला येणार असल्यामुळे तो पावणेचारपर्यंत तयार झाला पाहिजे.

कोणी हसलं नाही. चाळीस वर्षं शाळेत मुलांना वळण लावून निवृत्त झालेल्या बाईसमोर हसायची या घरात कोणाची टाप नव्हती. काका, म्हणजे बेकरीचे मालक आणि आत्याचे धाकटे भाऊ, साखरेच्या डब्यावर बसून मुकाट मान हलवत होते. दादा दुकानाच्या काउंटरवरून उठून आला होता. वहिनी, म्हणजे दादाची वकील बायको, मांडीवर फाईल उघडून बसली होती. धाकटा पाव पोचवायची गाडी दारात तिरकी लावून आला होता आणि बाहेर कोणीतरी त्याच्या नावाने हॉर्न वाजवत होतं, पण तो हलायला तयार नव्हता, कारण घरातलं भांडण त्याने आजवर एकदाही चुकवलेलं नव्हतं. आणि जिच्यामुळे हे घोडं अडलं होतं ती मधली, म्हणजे दादा आणि धाकट्याची बहीण, कोपऱ्यात पिंपापाशी उभी राहून कोपरापर्यंतचं पीठ पुसत होती.

हे लाकडी पिंप म्हणजेच थोरले. पणजोबांनी पहिली भट्टी पेटवली त्या आठवड्यात पीठ आणि पाणी कालवून जे आंबवण लावलं, ते अजून जिवंत होतं. रोज त्यातलं थोडं काढून पावाच्या पिठात मिसळायचं आणि काढलं तेवढं ताजं पीठ परत घालायचं, एवढंच त्याचं खाणंपिणं. मधल्या काळात घरातल्या माणसांच्या दोन पिढ्या संपल्या, दोनदा वाटण्या झाल्या, एकदा छप्पर जळालं, पण आंबवण टिकलं. तेव्हा त्याला एकेरीत कोण बोलणार? ‘थोरले आज नरम आहेत’, ‘थोरल्यांना उकडतंय’, असंच सगळे म्हणत. सकाळी कामाला लागण्याआधी झाकणावर तीनदा टकटक करून ‘थोरले, येऊ का?’ असं विचारायचीही रीत होती. एकटी मधली ती पाळत नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सगळं घर पिंपासमोर हात जोडून बसलं होतं, ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि वडील गेले. त्या दिवशी तिने टकटक सोडली. पीठ घालणं मात्र सोडलं नाही, उलट तेव्हापासून ते काम तिच्याकडेच आलं. यात तिला कधी काही विसंगत वाटलं नव्हतं.

आता अन्नतपासणी कार्यालयाची नोटीस आली होती. थोरल्यांचा नमुना तपासून झाला होता आणि त्यात वावगं काही निघालं नव्हतं. आक्षेप लाकडावर होता. लाकडी भांडी हटवा, आतला माल नष्ट करा, स्टीलची भांडी आणा. स्टीलचा प्रयोग काकांनी पूर्वी करून पाहिला होता. थोडं आंबवण चकचकीत ड्रममध्ये काढून ठेवलं, ते चौथ्या दिवशी मेलं, आणि त्या पिठाचा पाव इतका चपटा झाला की गिऱ्हाइकाने तो परत आणून काकांच्या हातात दिला आणि ते एक शब्दही बोललं नाही. काकांना तो न बोललेला शब्द अजून ऐकू येत होता.

“नियमात एकच फट आहे,” कालच सहीचा कागद तयार केलेली वहिनी पुन्हा एकदा म्हणाली. “‘धार्मिक श्रद्धा अथवा सदसद्विवेकबुद्धीमुळे जपलेल्या वस्तूंना हा नियम लागू नाही.’ मूळ घटनेतलंच स्वातंत्र्य आहे ते, नियमात उतरवलंय. अट एकच. घरातल्या प्रत्येकाने वेगळी सही करायची. स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय.”

“तो दुसरा शब्द सोड,” आत्या म्हणाली. “बोलताना जीभ वळत नाही, मॅडमसमोर अडखळायला होईल. श्रद्धा बास झाली. पाच सह्या झाल्यात. मधले, पेन घे.”

मधलीने पेन घेतलं नाही.

“मला नाही करता येणार,” ती म्हणाली. “यात लिहिलंय, ‘मी या पिंपाला पवित्र मानते.’ मी नाही मानत.”

“अगं, मानायला कोण सांगतंय?” काका डब्यावरून उठले. “नुसती सही मागतोय!”

“सहीच्या वरती तेच लिहिलंय ना, काका.”

“तुझ्या त्या खरेपणापायी थोरल्यांना गटारात ओतायचं?” दादाचा आवाज चढला. “उद्यापासून काउंटरवर मी काय विकू? चपट्या चकत्या?”

मधलीने पिंपाच्या झाकणावर हात ठेवला. थोरले गेले तर या घरात सगळ्यात जास्त कोणाचं जाणार होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दादा दुसरं काही विकू शकला असता, धाकटा दुसरं काही पोचवू शकला असता. तिला पिंपाखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही नकोही होतं. आदल्या रात्री तिने सही करायचा सरावसुद्धा करून पाहिला होता. नावाच्या तिसऱ्या अक्षराला हात थांबला तो थांबलाच.

“वहिनी, तू सांग की हिला,” धाकटा म्हणाला. “तुझं ऐकते ती.”

वहिनीने चष्मा काढला. ती चष्मा काढायची तेव्हा दादाच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण त्यानंतर ती नवऱ्याच्या बाजूने कधीच बोलत नसे.

“सांगते. तिच्यावर जबरदस्ती करता येणार नाही. ज्या वाक्याने पिंप वाचतं, त्याच वाक्याने तीही वाचते. मानायचं स्वातंत्र्य आहे, तसं न मानायचंही आहे.”

“एकाच वाक्यात दोन्ही?” आत्याने विचारलं.

“हो.”

“हे लिहिलंय कोणी? माझ्या वर्गात असता तर पुन्हा लिहायला लावलं असतं.”

“तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?” दादाने बायकोला विचारलं.

“वाक्याच्या,” वहिनी म्हणाली आणि मधलीशेजारी जाऊन उभी राहिली. तिथून पुढे खोलीत चार विरुद्ध दोन असं झालं. पण चाराचे चार काही फार वेळ टिकले नाहीत.

त्याचं असं झालं की धर्म म्हटला की आचरण हवं, हे आत्याच्या लक्षात आलं. मॅडमनी विचारलं, तुम्ही करता काय, तर दाखवायला काही हवं. नुसत्या टकटकीवर धर्म उभा राहत नाही. म्हणून आत्याने खडूने फळ्यावर चार ओळींची प्रार्थना लिहिली. ज्या फळ्यावर रोज किती पाव कुठे जायचे ते लिहीत, त्याच फळ्यावर. त्यामुळे ‘हे थोरले, तुम्ही आम्हाला उठवता’ या ओळीखाली ‘दवाखाना चाळीस, वसतिगृह नव्वद’ असं राहून गेलं. दादाने ठरवलं की प्रार्थनेनंतर लाकडी दांड्याने आंबवण सात वेळा ढवळायचं, उजवीकडून.

“डावीकडून,” धाकटा म्हणाला.

“उजवीकडून. पहिल्यापासून उजवीकडूनच ढवळतात.”

“तू शेवटचं कधी ढवळलंस? बाबा डावीकडून ढवळायचे.”

“बाबा डावखुरे होते!”

“म्हणजे त्यांचा धर्म खोटा?” धाकटा उसळला. “ठीक आहे. माझा पंथ वेगळा. डावीकडून ढवळणार, आणि आठवड्यातून एक दिवस आमच्या पंथात गाडी चालवणं निषिद्ध.”

“मग आमच्यात काउंटरवर उभं राहणं निषिद्ध!” दादाने तिथल्या तिथे जाहीर केलं.

काकांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. पंथ कितीही काढा, पण प्रत्येक पंथाचे प्रमुख आपणच असणार, कारण भट्टीचा परवाना आपल्या नावावर आहे. परवान्यावरून धर्मगुरू ठरत नाही, असं आत्याने सुनावलं आणि प्रार्थना ज्याने लिहिली तोच प्रमुख, असा नवा सिद्धांत मांडला. सव्वातीनला धर्म स्थापन झाला होता. साडेतीनला त्यात दोन पंथ होते, दोन प्रमुख होते, आणि धाकट्याने दादाला धर्माबाहेर काढलं होतं. दादाने त्याला आधीच काढलेलं असल्यामुळे ते लागू पडत नव्हतं, यावर वहिनीचं मत मागवण्यात आलं. वहिनीने कानावर हात ठेवले.

या सगळ्या धांदलीत थोरल्यांची तीनची वेळ टळून गेली होती. मधलीने झाकण काढलं, मनगटापर्यंत हात घातला, जरा थांबली आणि पीठ घालायला लागली. तिने डावीकडून ढवळलं की उजवीकडून, ते पाहायला दादा आणि धाकटा दोघेही पुढे सरसावले. ती खालून वर ढवळत होती.

निरीक्षक मॅडम चारला पाच मिनिटं असतानाच आल्या. त्यांना सर्दी झाली होती आणि हातात जाडजूड फॉर्म होता. नाक पुसत त्यांनी पिंप बघितलं, फळा बघितला, ‘दवाखाना चाळीस’पाशी जरा रेंगाळल्या आणि म्हणाल्या, “प्रत्येकाशी मला एकट्याने बोलायचंय. दबाव आहे की नाही, हे बघावं लागतं. शेजारची खोली चालेल.”

शेजारची खोली पोत्यांची होती. दोन खोल्यांमधली भिंत प्लायवूडची होती आणि ती छतापर्यंत पोचत नव्हती, हे मॅडमना कोणी सांगितलं नाही. इकडे सगळ्यांनी जिवाचे कान केले.

पहिले काका गेले.

“सही तुमचीच?”

“माझीच.”

“कोणाचा दबाव?”

मग काकांचा बारीक आवाज आला. “मॅडम, तुम्हाला मोठी बहीण आहे का?”

“दोन आहेत.”

“मग तुम्ही समजून घ्या.”

इकडे आत्याच्या कपाळावर इतक्या आठ्या चढल्या की दादा दोन पावलं मागे सरला. पण त्याची पाळी आली तेव्हा त्यानेही काही शौर्य गाजवलं नाही. कागद बायकोने तयार केला होता, आणि बायकोने तयार केलेला कागद आपण वाचत नाही, नुसती सही करतो, असं त्याने साफ सांगून टाकलं. धाकट्याने सांगितलं की सही स्वखुशीची आहे, पण ती त्याने डावीकडून ढवळणाऱ्या पंथाच्या वतीने केली आहे आणि कागदात या पंथाचा उल्लेख नाही, म्हणून ती मागे घेतो. वहिनी म्हणाली, “मी वकील आहे. मी कागद लिहिते. त्यावर विश्वास ठेवणं माझ्या कामात येत नाही.” शेवटी आत्या गेली. आता ही सगळं सावरणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

“तुमच्यावर कोणाचा दबाव?”

“माझ्यावर?” आत्या म्हणाली. “माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्माला यायचाय.”

“मग तुमची श्रद्धा आहे.”

पोत्यावर कोणीतरी अवघडून बसल्याचा आवाज आला.

“दुपारी दोनला नव्हती,” आत्या म्हणाली. “खोटं कशाला बोलू, सही मी त्याआधीच केली होती.”

इकडे काकांनी डोक्याला हात लावला. पाचच्या पाच सह्या गेल्या. ज्या सहीसाठी दोन तास मधलीच्या खनपटीला बसले, ती सही असती तरी आता उपयोग नव्हता, आणि हे सगळ्यांना एकदमच कळल्यामुळे कोणी कोणाकडे बघेना.

मधली आत गेली. मॅडमनी तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

“तुमची सहीच नाही इथे.”

“नाही.”

“कोणी दबाव टाकला?”

“सगळ्यांनी.”

“मग?”

“मग काही नाही. केली नाही.”

मॅडमनी पहिल्यांदाच फॉर्मवरून मान वर केली. “पिंप पवित्र नाही म्हणता. मग त्याचं तुम्ही करता काय?”

“दिवसातून चारदा खायला घालते. उन्हाळ्यात पाचदा. थंडीत गोधडी गुंडाळते. आंबट वास जास्त आला तर थोडं काढून ताजं पीठ-पाणी घालते, कमी आला तर शेजारी बसून राहते.”

“किती वर्षं?”

“एकोणीस.”

“सुट्टी?”

“थोरल्यांना कुठे असते?”

“थोरले कोण?”

“तेच. पिंप.” मधली जरा लाजली. “घरात तसं म्हणतात.”

“एकही दिवस चुकला नाही? आजारपण, लग्नकार्य?”

“लग्नाच्या दिवशी फार उकाडा होता. पिंप उतू चाललं होतं. म्हणून मी म्हटलं, जरा थांबा, एवढं आटोपून येते.”

“कोणाचं लग्न होतं?”

“माझंच.”

प्लायवूडपलीकडे कोणीतरी खोकलं. नवरदेव दुपारपर्यंत थांबला होता आणि मग जेवून गेला, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे. त्याचं मधलीला आता काही वाटत नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, बरंच वाटलं होतं, पण पिंप उतू गेलं नव्हतं.

“बाई, ही श्रद्धाच झाली की,” मॅडम म्हणाल्या.

“नाही हो. श्रद्धावाले पलीकडे पाच जण आहेत, ते झोपतात. मी उठते.”

“आणि मी उद्या हुकूम दिला, हे ओतून टाका म्हणून?”

मधलीने हात एप्रनला पुसले. हात कोरडेच होते.

“मी ओतणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माणसं आणून ओता, मी आडवी येणार नाही, कायदा तुमचा आहे. दंड, शिक्षा, काय असेल ते मला करा. पण माझ्या हाताने नाही होणार. ते जिवंत आहे, आणि मला ते माहीत आहे. माहीत असून ओतायचं, हे मला नाही जमणार. पवित्रबिवित्र काही नाही त्यात.”

मॅडमनी नाक पुसलं. मग त्यांनी फॉर्मचं पान उलटलं आणि नियम बोटाने शोधला. “‘धार्मिक श्रद्धा अथवा सदसद्विवेकबुद्धी,’” त्यांनी सर्दीतही एकदा न अडखळता वाचलं. “दुसऱ्या रकान्यात मी पंधरा वर्षांत कोणाचं नाव लिहिलेलं नाही. सगळे पहिलाच रकाना भरतात. पण एक सांगते. श्रद्धेची सूट घराला मिळते. ही माणसाला मिळते. पिंप तुमच्या हाताखाली आहे तोवरच सूट. दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं की नोटीस लागू.”

पलीकडे काका एकदम काहीतरी पुटपुटले. एकोणीस वर्षं त्यांनी पुतणीला कामगार म्हणून वागवलं होतं, आणि आता भट्टीपासून काउंटरपर्यंत सगळी बेकरी तिच्या मनगटाला लटकली होती. पुढच्याच क्षणी त्यांचा गोड आवाज आला. “मधले, बस ना गं! उभी का? दादा, तिला पाणी दे!”

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं, आणि भिंत कुठे संपते ते त्यांच्या लक्षात आलं. त्या हसायला लागल्या आणि त्यांना शिंक आली.

मधलीने नवा कागद दोनदा वाचला. त्यात ‘पवित्र’ हा शब्द कुठे नव्हता. ‘माझ्या मनाला हे करणे पटत नाही’, एवढंच होतं. तिने सही केली. तिसऱ्या अक्षराला हात थांबला नाही. कागद परत देताना मात्र तिचे डोळे भरून आले आणि पिठाचे हात लावून तिने ते आणखी चुरचुरवून घेतले.

मॅडम गेल्या. धाकटा गाडीकडे पळाला, कारण हॉर्न वाजवणारा माणूस आता दारात येऊन उभा होता. काका आणि दादा तिला कोणती खुर्ची द्यावी यावर वाद घालत दुकानात गेले. वहिनीने जाताना तिचा खांदा दाबला.

आत्या तेवढी मागे राहिली. तिने फळा पुसायला फडकं उचललं होतं, पण पुसत नव्हती.

“मधले.”

“काय गं?”

“ही प्रार्थना मी आपली सुचेल तशी खरडली. मॅडमना दाखवायला.”

“माहीत आहे.”

“पण लिहिताना मला...” आत्याने फडक्याची घडी घातली, उलगडली. “चौथ्या ओळीला मला भरून आलं. तुझ्या वडलांची आठवण नव्हती, काही नव्हतं. उगीचच. हसू नकोस.”

मधली हसली नाही. या बाईला तिने आजवर कधी अशी चाचपडताना पाहिलं नव्हतं. वर्गात फळ्यासमोर बोलावलेल्या मुलीसारखी ती उभी होती.

“मग म्हण ना,” मधली म्हणाली.

“आता? कोणीतरी येईल. जन्मभर चिडवतील मला. आणि तुला तर हे सगळं थोतांड वाटतं.”

“मला काय वाटतं त्याचं तुला काय करायचंय? तू म्हण. मी बाहेर थांबते.”

ती बाहेर आली आणि दार ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभी राहिली. आत आधी काहीच ऐकू आलं नाही. मग शाळेचा तो खणखणीत आवाज, पण अगदी हळू, पहिली ओळ चाचपत म्हणू लागला.

दादा खुर्ची घेऊन आला. “ही घे. काकांची आहे, गादीवाली. सरक, आत ठेवतो.”

“आत्ता नाही.”

“का? आत कोण आहे?”

“आत्या. प्रार्थना करतेय.”

दादा आधी हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. “खरंच? आणि तू पहारा देतेस? तुझा तर विश्वास नाही!”

“नाहीच,” मधली म्हणाली. “असता तर मी आत असते. ती खुर्ची इथे ठेव आणि हळू बोल.”